नाव ठेवताना

योएन्सूच्या संग्रहालयात, तिसऱ्या मजल्यावर,
डिसेंबरात अडीचलाच दिवे लावावे लागतात.
तिथं हिल्या तिस्सारी आणि मी
चौदा हजार ध्वनिफितींची बारशी करत बसलो होतो.

मी नवा. मी म्हटलं, गाव, वर्ष, गाणारीचं नाव,
मधे तिरपी रेघ. वाचताक्षणी कळेल.
हिल्यानं चष्मा कपाळावर सरकवला.
कुठलं गाव?
कोर्बिलाम्बीला लढाईआधी एक नाव होतं,
सीमा सरकली तसं दुसरं,
आता तिथं बर्चची झाडं, आणि नकाशात नुसता हिरवा रंग.
कुठली गाणारी?
ओक्कु आधी बापाच्या नावानं, मग नवऱ्याच्या,
मग निर्वासितांच्या यादीत
कारकुनाला जसं ऐकू आलं तसं.
आणि आपल्या खात्याची पाटी?
मी आल्यापासून तीनदा बदलली.

अर्थ नासतो रे, दुधासारखा.
नाव असं ठेव की त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

म्हणून दहा चिन्हं. स्वर एकही नाही,
चुकून एखादी शिवी उमटायला नको.
शेवटचं चिन्ह आधीच्या नवांच्या हिशेबातून निघतं,
एक जरी चुकलं तरी चुगली करतं.
नाव असं नामानिराळं.
ना गाव सांगतं, ना घराणं,
ना कुठल्या कपाटात आहे ते.

ते सांगायला एक तक्ता.
डावीकडे नाव, तिथं हात लावायचा नाही.
उजवीकडे आजचा पत्ता, तो खुशाल खोडा.
फिती तळघरातून यंत्रात गेल्या, यंत्र दुसऱ्या शहरात,
तिथून एका बंद पडलेल्या कागद गिरणीत,
डावा रकाना हलला नाही.
माझ्या मनातून मात्र ते जात नसे:
नाव म्हणजे आवाज नव्हे.
नाव म्हणजे फक्त विचारायची जागा.

निवृत्त होताना हिल्यानं किल्ल्या दिल्या,
कॉफीचा डबा,
आणि तुटलेल्या पत्त्यांच्या यादीवर पेन्सिलीनं एक ओळ:
कायम म्हणजे दर सोमवारी.

सतरा वर्षं सोमवार.

मग परवा एक बाई आली, मार्केत्ता, बुटांवर बर्फ तसाच.
आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात सापडलेली चिठ्ठी,
निळी शाई, दहा चिन्हं.
टाकली. शेवटच्या चिन्हानं नकार दिला.
आम्ही दोघं चिठ्ठी दिव्याखाली धरून बसलो.
चार, नऊ, एक.
एक नव्हे, सात. घाईत लिहिलेला सात.

पान उघडलं.
विलाप. चार मिनिटं अकरा सेकंद. गाणारी ओक्कु.
कुटुंबाच्या विनंतीवरून ही फीत काढून घेतली आहे.
खाली तारीख, आणि विनंती करणारीची सही.
तिच्या आईचीच.

मला वाटलं आता रडेल, किंवा भांडेल.
मी नियमांची फाईल शोधायला लागलो, उगाच.
ती पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली,
म्हणजे होती.
आजी गायली होती.

काढून टाकलेल्याचंही नाव काढलं की उत्तर यावं,
हे हिल्यानंच तेव्हा हट्टानं घालून घेतलं होतं,
आणि मी म्हटलं होतं, कोण विचारणार आहे?

तिनं कोरा कागद मागितला.
मी नाव पुन्हा लिहून दिलं, सावकाश,
सातच्या पोटातून आडवी रेघ मारून.