एकतीस मार्च, नारायण पेठ

सुनंदा करडेनं पहिल्यांदा बिलं आणली
ती बेसनाच्या डब्यात.
झाकण काढलं, तीन वर्षं एकदम उसळून वर आली,
चहाचे डाग, तांब्याच्या पत्र्याच्या पावत्या, एक जुना बस पास.
"ताई, मी नफ्यात आहे का, एवढंच सांगा."

एवढंच सांगायला मला आठ दिवस लागले.

तांबट आळीत चुलता म्हणाला होता तिला,
बायकांनी भांडी चिंचेनं घासावीत,
मठारायला मनगट लागतं.
आता चुलता तिच्याकडेच असतो. बावीस हजार, दिवाळीचे वेगळे.
गंगाळी सोडून ती दिवे ठोकते.
आतून उजळले की पत्र्यावरचे हजार खळगे
भिंतीवर मासे सोडतात.
मी खर्चात लिहिते: मजुरी, कुशल.
चुलत्याच्या नावापुढे 'कुशल' लिहिताना
दरवर्षी थोडं हसू येतं,
ते कुठल्याच खात्यात बसत नाही.

शबनम बागवानचं उलटं. सगळं फायलीत, तारीखवार.
नाटकांना उजेड देते. रंगीत जिलेटीन, केबल,
रात्री अडीचच्या रिक्षा.
एकदा म्हणाली, दोन तासांच्या प्रयोगात
अकरा मिनिटं मी नुसता अंधार देते,
तो जमायला वर्षं गेली.
निर्माता पैसे दिव्यांचे देतो.
अंधार कुठे दाखवायचा?

मी चष्मा पुसत बसले.

आणि घोरपडीच्या गॅरेजात ग्लोरिया रणपिसे,
सिनेमासाठी म्हातारपणं करते, भाजलेले गाल, तुटकी बोटं.
हाताखाली सहा मुली, सगळ्यांची नखं सिलिकॉननं माखलेली.
तिचं एक बिल अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे:
जखमा, नग चाळीस. पैकी ओल्या बारा.
ऑफिसातून पत्र आलं, मालाचं वर्णन स्पष्ट करा.
आम्ही दोघी इतक्या हसलो
की खालचा झेरॉक्सवाला वर येऊन बघून गेला.

सगळ्याच टिकल्या असं नाही.
प्राची टेंबे अक्षरं काढायची, फाँट.
एका ळ वर नऊ महिने बसली,
तोवर भागीदार पुणं सोडून गेला.
मागच्या जूनमध्ये बंद केलं तिनं.
शेवटची सही करून जिन्यात थांबली, म्हणाली,
"काकू, तुमच्या पाटीवरचा ळ लंगडतोय."
आणि तिथेच हवेत, बोटानं, नीट काढून दाखवला.
कुमुद धुमाळ. हिशेब लिहून मिळतील.
वीस वर्षं मी त्या पाटीखालून येते जाते.

परवा सुनंदा ताळेबंदावर बोट ठेवून म्हणाली,
"हे लेखा शुल्क. ह्याच्यासमोर रेघ का?
गेल्या साली पण रेघच."
अगं, म्हटलं, घरच्या घरी तर करते.
ह्यांची पेन्शन आहे.
ती काही बोलली नाही. डबा उचलला, गेली.
मला उगाच तिच्या चुलत्याचं मनगट आठवत राहिलं.

रात्रीचे सव्वाअकरा. पोर्टल गरगरतंय.
अप्पा बळवंत चौकातून बिलबुक आणलंय,
चाळीस रुपये, तेही लिहून ठेवलेत.
पहिल्या पानाखाली कार्बन सरकवला.
नाव लिहिलं. ळ दोनदा गिरवला,
डावं पोट जरा मोठं, मान मोकळी.
कामाचं वर्णन:
तीन ओळी होत्या, पुरल्या नाहीत, समासात गेले.
मग रक्कम.
लिहिली. बराच वेळ बघितली.
खोडली.

वाढवून लिहिली.