अकरा दिवस अडेल

पहिल्या संध्याकाळी तलावाकाठच्या जुन्या कोठारात
आपण चोवीस जण गोल करून बसलो होतो,
आणि ग्रॅडी गुडघ्यावर कागद ठेवून
एकेकाचं नाव विचारत होता.
तुझी पाळी आली.
तू काहीतरी बोललीस, स्वतःच्या बुटांच्या नाड्यांशी.
"अडेल?" त्यानं विचारलं.
तू मान हलवलीस.
होकारासारखी. किंवा डास उडवल्यासारखी.
त्यानं लिहून टाकलं.

माझं नाव मात्र सगळ्यांनी ऐकलं,
पलीकडच्या काठावरच्या लून पक्ष्यांनीसुद्धा.
मी विनी, बँगरची, चार भावांच्या घरातली.
आमच्याकडे हळू बोलणाऱ्याला
ताटात बटाटा मिळत नाही.
तू बटाट्याच्या शेतातूनच आली होतीस,
पार उत्तरेच्या, मेन संपतं तिथल्या,
हे मला फार नंतर कळलं.

तुला संवाद नको होते. ग्रॅडीनं तुला पत्रा दिला:
माणसाएवढा, वाशाला टांगलेला,
दोन्ही हातांनी हलवला की ढग गडगडतात.
पहिल्यांदा हलवलास
तेव्हा वरची वटवाघळं भेलकांडून उठली
आणि तू "सॉरी" म्हणालीस.
पत्र्याला.

मी दिवसभर राणी. मुकुट, पल्लेदार वाक्यं, तोरा.
रात्री केबिनमधला दिवा मालवला
की माझा श्वास छातीतच अडकायचा.
हे कुणाला माहीत नव्हतं, भावांना तर नाहीच.
चौथ्या रात्री वरच्या बंकवरून
तुझा हात खाली आला
आणि अंधारात नुसता लोंबत राहिला.
मी तो धरला. तू काही विचारलं नाहीस.
सकाळी तुझा हात बधिर,
त्या दिवशीचं वादळ
जरा डाव्या बाजूनंच झालं.

अकराव्या दिवशी पोहून आल्यावर
चुकून तुझा टॉवेल उचलला मी.
कोपऱ्यात पांढरी पट्टी, लाल दोरा,
तुझ्या आईचे बारीक टाके: ओडील थेरिओ.
"ही कोण?"
तू बराच वेळ मूग गिळून बसलीस.
"मी."
"आणि अडेल?"
"तीही मीच. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं.
दुसऱ्या दिवशी उशीर झाला होता.
मग वाटलं, ग्रॅडीला वाईट वाटेल."

हसून हसून मी धक्क्यावर फतकल मारली.
तूही हसलीस, नाकातून.
मग मला राग आला, कुणाचा ते कळेना,
आणि तरातरा निघाले ग्रॅडीला सांगायला.
तू माझा टॉवेल मागून ओढलास.
"तू नको."
त्या "तू"वर जोर होता.

जेवताना तू त्याच्या टेबलापर्यंत गेलीस
आणि केचप घेऊन परत आलीस.
दुसऱ्या दिवशी मीठ.
पत्रिका छापून आल्या. पत्रा: अडेल.

प्रयोगाला तुझे आईवडील आले, चार तास गाडी हाकून.
वडिलांची टोपी हातात.
आई पत्रिकेवर बोट फिरवत होती,
खालपर्यंत गेली, पुन्हा वरून सुरू केलं.
आपण दोघी पडद्याच्या फटीतून बघत होतो.
तू ब्र काढला नाहीस.
पण त्या रात्रीचा गडगडाट, बाई!
पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं
खरोखरच छत्री शोधली.

शेवटी एकेकानं पुढे येऊन नाव सांगायचं,
ही त्या कोठाराची जुनी रीत.
मी माझं सांगितलं, मला ते ऐकूही आलं नाही.
तू आलीस. गुडघ्याला गंज लागलेला.
"ओडील," तू म्हणालीस, आणि आवाज मध्येच फाटला,
म्हणून पुन्हा म्हणालीस,
"ओडील थेरिओ. पत्रा."
ग्रॅडीनं कागदाकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं,
मग पेन शोधत सगळे खिसे चाचपले.
तुझ्या आईनं बोट उचललं
आणि पत्रिका मिटून मांडीवर ठेवली.

रात्री वरून हात खाली आला.
"ओडील?"
"काय?"
"काही नाही.
नाव तोंडात बसतंय का, बघत होते."