विरजण

बोहरी आळीतून आणले
एक इंची पाईपचे तुकडे, सहा एल्बो, दोन टी.
दुकानदाराने विचारलं, "बाथरूमचं काम काढलंय का?"
म्हटलं, "माशांचं."
बिलावर त्याने तसंच लिहिलं.

टाकी पाच फुटी, चारशे लिटरची,
भाऊ बंगळुरूला जाताना सोडून गेला,
चार ऑस्करसकट.
विकतचा फिल्टर माझ्या दोन पगारांचा,
म्हणून खाली जुन्या बाजारातली तडकलेली टाकी,
तिला सिलिकॉनने चिकटवलेल्या काचांचे कप्पे:
एकात भांड्यांच्या घासण्या, बत्तीस नग,
एकात कुंभारवाड्यातल्या खापऱ्या,
शेवटच्यात पंप.

बुधवारी रात्री चालू केलं.
गुरुवारी वीज गेली.
पाईपने पाणी उलटं ओढलं, कप्पे भरले, फरशी भरली.
खालचे पाळंदे छत्री घेऊन वर आले,
खरंच छत्री घेऊन. मिटलेली, पण हातात.
आईच्या लुगड्याने पाणी टिपलं,
नऊ वार पुरले नाहीत.

मग पाईपला भोक पाडलं, गव्हाच्या दाण्याएवढं,
पाण्याच्या बोटभर खाली.
वीज गेली की तिथून हवा शिरते
आणि ओढ तुटते.
ओढ तोडायला एवढंसंच लागतं.

तरी पाणी दुधाळ.
मासे वर येऊन तोंडं उघडत होते.
सगळं नवं, सगळं स्वच्छ, म्हणूनच निकामी:
घाण खाणारं अजून कोणी जन्मलंच नव्हतं.
त्याला दीड महिना लागतो.
माशांकडे तेवढा नव्हता.

विरजण मागायला हवं होतं,
आणि ते होतं शौकत तांबोळींकडे,
ज्यांच्याशी मी दोन वर्षं बोलत नव्हते,
एका मेलेल्या एंजलच्या
साडेतीनशे रुपयांवरून.

म्हात्रे पूल ओलांडून गेले. हातात लोणच्याची बरणी.
त्यांनी दार उघडलं, बरणीकडे पाहिलं.
"टाकी केवढी?"
सांगितलं.
"मग ही कशी पुरेल?"
आत जाऊन स्वतःची किटली आणली,
जुना स्पंज तिच्यात पिळला. एकदा.
थोडं थांबून, पुन्हा एकदा.
चहाच्या चोथ्यासारखा गाळ, वास ओल्या मातीचा.
"झाकण घट्ट लावू नका," म्हणाले,
"आतल्यांना श्वास लागतो."
साडेतीनशेचं त्यांनी काढलं नाही,
मीही नाही.

परतताना पुलाखाली नदी काळी,
किटलीत पाणी काळं.
इतक्या हळू चालवली स्कूटर
की मागचा रिक्षावाला काहीतरी बोलला,
माझ्या आईबद्दल असावं.

खापऱ्यांवर ओतलं. पाणी आणखी गढूळ.
नवरा म्हणाला, "हे साफ करायला होतं ना?"

आज अकरावा दिवस.
रात्रभर घरात बारीक धार वाजत असते.
पाळंदे म्हणतात, त्यांना सारखं उठावं लागतं.
टाकीतून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं,
एकादशी, पाणीपट्टीची तारीख, सगळं.
मोठ्या ऑस्करने आज गोळी थुंकली नाही.

किटली घासून ओट्यावर पालथी घातली आहे.
द्यायला जायचंय.
रिकामी कशी न्यायची,
एवढंच ठरत नाहीये.