राखी रंग

जिनिंगच्या फाटकाशी माझी केबिन, काचेची, चार बाय सहा.
बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग
डांबरी रस्ता ओलांडून पार मारोतीच्या पारापर्यंत.
गाडी काट्यावर चढते, लाल आकडे थरथरून थांबतात,
मी बटन दाबते, पावती फाडते,
आणि दोन पावत्यांच्या मध्ये
छत्तीस टाके.

दोन सुलट, दोन उलट.
दोन ओळी राखी, दोन ओळी केशरी.
याहून अवघड मला येत नाही.
शिकले तेव्हा सुया नव्हत्या,
खराट्याच्या काड्या होत्या, ऐन ओळीत मोडायच्या,
आणि सुगंधा नगराळे म्हणायची,
"तू टाके नाही घालत व, गळा दाबतं त्याह्यचा."

शाळेच्या पत्र्याच्या पेटीत एक पुस्तक होतं.
कव्हर नव्हतं, म्हणून नावही नव्हतं.
त्यात धुक्याचा पूल,
ह्या टोकाला एक पहारेकरीण, त्या टोकाला दुसरी,
मधलं काही दिसत नाही.
दोघींच्या मनगटांवर दुरंगी पट्टे:
विझल्या राखेचा एक रंग, पेटत्या पळसाचा दुसरा.
(पळस आम्ही घातला. पुस्तकात भलतंच कुठलंसं फूल होतं.)
पट्टा गरम झाला
म्हणजे पलीकडे कुणीतरी जागं आहे.

शेवटची सोळा पानं उधईनं खाल्ली होती.
त्या भेटल्या का, पूल पडला का,
उधईलाच ठाऊक.
सुगंधा म्हणे, भेटल्या.
मी म्हणे, भेटल्या तर पहारा कोण देईल?
यावरून तीन दिवस अबोला,
चौथ्या दिवशी तिनं न बोलता
अंबाडीची भाजी माझ्या डब्यात लोटली.

आता ती धारणीकडे, उपकेंद्रात नर्स.
टाकीवर चढलं की तिथे रेंज येते.
परवा म्हणाली, "थंडी लय आहे व इकडं.
नाडी पाह्यतो तं माह्याच हाताचा थरका थांबत नाही."

सोमवारच्या बाजारात राखी लोकर लगेच मिळाली.
पळसाचा रंग नव्हता.
दुकानदार म्हणाला, भगवा घ्या, सध्या तोच चालतो.
मी ढीग उपसत बसले,
तळाशी एक गाजरी लडी निघाली,
पळसाची चुलतबहीण.

कापसाच्या गावात ही बाई लोकर विणते,
हमाल हसतात.
सरकी सुटताना उडालेलं तूस
काचेच्या फटीतून येतं, टाक्यात बसतं,
उपटायला गेलं तर धागाच फुलतो.
पुस्तकात रंग दोनच होते.
हा तिसरा आमच्या गावचा.
राहू दिला.

मनगटाचं माप विचारलं असतं तर गुपित फुटलं असतं.
मग सहावीतल्या सुगंधाचा हात धरून पाहिला,
मनातल्या मनात,
विहिरीच्या काठावर तिनं माझा धरला होता तसा,
आणि चार टाके वाढवले.
दोन नोकरीचे, दोन लेकराचे.

तिचा पट्टा राखेवर संपतो, माझा पळसावर.
एवढं पुस्तकात नक्की होतं.

शिवून झाले तेव्हा रात्रीचे साडेआठ, काटा रिकामा.
साठ टनांचा काटा.
खाली उतरले, दोन्ही पट्टे लोखंडी फळीच्या मधोमध ठेवले,
केबिनमध्ये येऊन आकडा पाहिला.
शून्य.
तरी पावती काढली.
गाडी नंबराच्या जागी तिचं नाव टाकलं.
मालाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.

सकाळी पुडकं अमरावती गाडीच्या कंडक्टरला दिलं.
तीन गाड्या बदलत जाईल.

"पुनव तं कवाचीच गेली,"
ट्रॅक्टरवरचा पोरगा माझ्या मनगटाकडे बघत म्हणाला,
"राखी काहून बांधली व?"

राखीच आहे बावा. रंगानं.
गाडी थोडी मागं घे,
तुझं एक चाक काट्याबाहेर आहे.