दोन चालतात

भोसरीत बाराशे बुशांचा लॉट येतो तेव्हा
मी त्यातले ऐंशी उचलते.
व्हर्नियर लावते, आकडा लिहिते.
दोन खराब निघाले तरी लॉट पास.
तिसरा निघाला की लाल लेबल, गाडी परत चाकणला.
एकवीस वर्षं हेच करते आहे,
त्यामुळे भोळी असल्याचा आरोप
माझ्यावर अजून कुणी केलेला नाही.

म्हणून फोनवरून अनोळखी माणसांना
उसने द्यायचं ठरवलं, तेव्हाही वीसच हजार काढले.
चाळीस जणांत वाटले. पाचशे-पाचशे.
डिस्पॅचचे हिंगमिरे म्हणाले, मॅडम,
पाचशेत तर एक दात निघतो फक्त.
म्हटलं, असू दे. बुडाला तर एक दातच बुडेल.

आमच्या आण्णांनी सगळे एकालाच दिले होते,
शेजारच्या टेबलावरच्या,
रोज डबा वाटून खाणाऱ्या माणसाला.
ती चिठ्ठी, तिकिटावरच्या सहीसकट,
पुढे आईच्या शिवणाच्या डब्यात गेली.
आई तिच्यात सुया खोचून ठेवायची.
कागद जाड आहे, म्हणायची, कामाला आला.

फोनवर नाव दिसत नाही.
वय, शहर, धंदा, आणि कारण.
कारण मी सगळ्यात आधी वाचते
आणि सगळ्यात कमी धरते.
बहिणीचं लग्न. किती बहिणी आहेत या राज्यात!
'वैयक्तिक' म्हणजे आधीचा हप्ता.
अठरा टक्क्यांच्या वर मी गेले नाही.
छत्तीस देईन म्हणणाऱ्याला
आपण देणार नाही हे माझ्याआधी माहीत असतं.

आणि मग एक: वय चौतीस, पुणे, रसवंतीचं यंत्र.
बारा महिने. दर सात तारखेला
पंचेचाळीस रुपये चौऱ्याऐंशी पैसे.

तेव्हापासून मला रसवंत्या दिसायला लागल्या.
विश्रांतवाडीच्या सिग्नलला, आळंदी रोडला दोन,
धानोरीच्या वळणावर एक, जिचं यंत्र नवं होतं,
चाकाला घुंगरं, हिरवा रंग अजून हाताला लागेल असा.
हाफ घेतला, बर्फ कमी.
नवीन दिसतंय, म्हटलं.
"हप्त्यावर आहे, ताई," म्हणाला
आणि पिळलेला ऊस दुमडून पुन्हा आत घातला.
पुढे विचारलं नाही.
चौतिशीचे पुण्यात किती असतील,
आणि हप्ता कुणाला नाही.
सुटे पाच रुपये त्याने फडक्याला पुसून दिले.
हे मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

एप्रिलात एक थांबला. मोबाईलचं दुकान, नाशिक.
मेमध्ये दुसरा. बहीण.
दोन चालतात.

जुलैच्या सातला रसवंती आली नाही.
आठला नाही. अकराला फोनने विचारलं,
वसुलीला माणूस पाठवायचा?
होय. नाही.

व्हर्नियर केसापेक्षा बारीक फरक सांगतो.
पावसाळ्यात उसाचा रस कोण पितं,
हे त्याला विचारायची सोय नाही.
डिसेंबरात पैसे देताना
हे मलाही सुचलं नव्हतं.
चूक तपासणीची. मालाची नव्हे.

रविवारी धानोरीला गेले. काम होतं, असं म्हणू.
यंत्रावर निळं प्लास्टिक, वरून सुतळी,
घुंगरं आत आवळलेली.
बाजूला तोच माणूस शेगडीवर कणसं फिरवत होता.
एक घेतलं. न सांगता लिंबू जास्त चोळलं त्याने.
तो तोच असेल असं नाही.
नसेलच, शंभरातले नव्याण्णव टक्के.

रात्री वही काढली.
नवीन कुणाला दिलेले नाहीत, इतक्यात देणारही नाही.
दोन्हीपैकी एकही बटण दाबलं नाही.

आमच्याकडे एक पिवळं लेबलही असतं.
पास नाही, परतही नाही.
'होल्ड' लिहून लॉट भिंतीला लावून ठेवतात,
कुणाच्या पायात येणार नाही असा,
पण येता-जाता दिसेल असा.