दोन्ही कान दिसले पाहिजेत

तीस वर्षं मी एकच वाक्य बोललो:
हनुवटी खाली, दोन्ही कान दिसले पाहिजेत.
वेंगुर्ल्याच्या बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली,
पांढरा पडदा, गोल स्टूल,
अख्ख्या गावाला मिळून एक कंगवा.
पोरं जिना चढायची तीच रडत.
त्यांना वाटायचं, वर सुई टोचतात.

आता रविवारी, ओहोटी बघून
मोचेमाडच्या वाळूत येतो.
चार घरं एकदम बोलावतो.
वेळ सांगतो साडेचार,
म्हणजे साडेपाचला सुरू करता येतं.
चपला काढा, एवढंच म्हणतो.

परब आलेत आंबा कलरचे सदरे घालून, सगळे एकसारखे.
पाच मिनिटांत धाकट्याचा सदरा पाठीपर्यंत ओली वाळू.
वहिनींचा हात पिशवीतल्या दुसऱ्या सदऱ्याकडे.
राहू दे, म्हणतो मी, पुढच्या पाच मिनिटांसाठी तो ठेवा.

मग कॅमेरा गळ्यात तसाच टांगून
कुर्लीचं बीळ उकरायला बसतो.
माझं कसब म्हणाल तर एवढंच.
आधी कॅम्पातल्या शेखांची इक्रा येते, फ्रॉक खोचून.
मग परबांचे दोघे.
मग फर्नांडिसांचा एल्टन, जो गाडीतून उतरणारच नव्हता,
काठी घेऊन येतो आणि मला शिकवतो,
"असा न्हय. हयसून काढ."
त्याच्यामागे त्याचा आजा. आज्यामागे
गुडघ्यावर हात ठेवून आजी.
आयाबाप मोबाइल खिशात घालून वाकतात.
कुर्ली मिळत नाही. आजवर एकदाही मिळालेली नाही.
मी दोन पावलं मागे सरकतो.

दाभोसवाड्याची गिरपांची सून तेवढी लांब,
कडेवर अडीच वर्षांची स्वरांगी.
हळूच विचारते, "ह्येचो बापूस मलप्याक आसा, बोटीर.
मागीर कॉम्प्युटरवर जोडूक येयत?"

येतं. पुष्कळ जोडलीत,
दुबईतली, आगबोटीवरची, वर गेलेलीही.
पण जोडलेल्या माणसाची सावली
बाकीच्यांच्या सावलीशी कधी जुळत नाही.
म्हटलं, शेजारी जागा सोडून बस.
जागेची सावली लागत नाही.

ती बसली. एक माणूस मावेल एवढी वाळू
तिने तळहाताने सारखी केली.
आणि मी डोळा लावतोय तोवर
किनाऱ्यावरचं एक तांबडं कुत्रं
सुरूच्या झाडांतून चालत आलं,
दोनदा गोल फिरलं
आणि नेमकं तिथे बसलं.

स्वरांगी हसली. मग तिची आई.
मग एल्टनची आजी, वाळूतच बसकण मारून.

फोटोत सतरा माणसं.
कोणी बिळात बघतंय, कोणी एकमेकांकडे,
इक्रा तर पाठमोरीच.
समोर बघतंय फक्त कुत्रं.
दोन्ही कान दिसतायत
तेही त्याचेच.

सगळ्यांनी तोच मागितला.

रात्री अकराला मलप्याहून
गिरपांच्या सुनेला उत्तर आलं, तिने मला पुढे पाठवलं:
"माझ्या जागेर बसलो हा
तो कुत्रो कोणाचो?"