मानशीचे दार

पत्र आले मंगळवारी, अकराच्या फेरीबोटीने.
खाजन-बांध जतनासाठीचे अर्थसाहाय्य
चालू वर्षापासून बंद.
खाली सही. सहीवर शिक्का, जांभळा, थोडा तिरका.

सगुणने वाचले, घडीवर घडी घातली
आणि मानशीच्या दाराला फट पडली होती
तिथे कोंबले.
म्हणाला, एवढे तरी पाणी अडवू दे त्याला.

अकरा वर्षे दिवाडीच्या या बांधावर
तो चंद्राच्या हिशेबाने उठतो.
घड्याळ आम्ही मुलीच्या शाळेपुरते घेतले.
भरती दोनला असो की पावणेतीनला,
माझ्या बाजूची चटई आधीच गार झालेली.

कुर्ली बांधात बीळ करते, बोटभर.
त्यातून आधी नुसती ओल,
मग पेल्याभर पाणी,
मग मांडवी.
बीळ दिसले की चिखल-पेंढा घेऊन धावायला
चार माणसे होती, मीटरमागे मजुरी होती.
आता कायतान वेर्ण्याला औषधांचे खोके चिकटवतो,
मिंगेलचा धाकटा कसिनोच्या बोटीवर ताटे विसळतो.
नदी तीच हो, म्हणतो, फक्त आता मी वरून बघतो.
तिसरा कुठे गेला कुणाला ठाऊक नाही.
चौथ्याची कंबर गेली.
तो माझ्या शेजारी झोपतो.

पियेदादच्या शेतात खारे शिरले ते परतले नाही.
कोरगुट खारे सोसते,
पण पोटरीभर, दोन-दोन महिने, कोण सोसेल?
भाताच्या जागी तिवरे उगवली.
साहेब आले, फोटो काढले,
म्हणाले, आता हात लावू नका,
तिवरांना कायद्याचे संरक्षण आहे.
पियेदाद म्हणाली, मग मलाच लावा की चिखलात,
दोन पावसाळ्यांत मीही संरक्षित होईन.
साहेब हसले. ती हसली नव्हती.

पैसे तरी किती होते?
विजेचे बिल, सासूच्या डोळ्यांतले थेंब,
चवथीला एखादे नवे लुगडे.
पण त्या पैशांबरोबर एक कागद येई,
कागदावर याचे नाव,
नावापुढे एका रकान्यात: काम – मानशीची राखण.
ते कागद त्याने पत्र्याच्या डब्यात ठेवलेत,
रेशनकार्डाच्या वर.

डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या.
गोळी घेतो, तरी दोनला उठतो,
पायरीवर बसतो,
भरती चढताना ऐकतो, जसे कुणी
दुसऱ्याच्या घरातले बोलणे ऐकावे.

काल मात्र उठला नाही.
मीच उठले. टॉर्च घेतली.
फटीतल्या पत्राचा लगदा झाला होता,
जांभळी शाई लाकडावर उतरली होती
आणि पाणी बारीक धारेने आत येत होते,
घाई नसल्यासारखे.
मी चिखलाचा गोळा केला, थापला.
दुसरा केला.
किती केले ते मोजले नाही.

सकाळी त्याने माझी नखे पाहिली.
काही विचारले नाही.
पेज वाढताना माझ्या ताटलीत
एक डाव जास्त घातला.